बाहेरून लावलेली कडी

१

मास्तर गेले ते पोस्टरांच्या गठ्ठ्याला टेकून बसल्या बसल्या, आणि पोलिसांनी समोरचा चहा निवायच्या आत अपघात म्हणून हात झटकले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्रचार कार्यालयामागच्या कोठीची गजांची खिडकी जनरेटरच्या शेडमध्ये उघडते. संध्याकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाला, धूर कोठीत भरला आणि म्हातारा माणूस डुलकी लागलेल्या जागीच संपला. सकाळी ड्रायव्हर झेंडे काढायला गेला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. उघड्या दारात मेलेल्या माणसाचा तपास तो काय करायचा?

आत्याला हे पटलं नाही. आत्या म्हणजे उमेदवाराची सख्खी आत्या. पोलीस खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेली. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, जिभेनं मात्र दिला नव्हता. मास्तरांना उचलण्याआधी ती कुणाला न विचारता कोठीत शिरली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कशीबशी वाकली आणि मास्तरांच्या मुठी बघत राहिली. मुठींच्या बाहेरच्या कडांना पांढरा रंग लागला होता. हाताला नव्हे, बोटांना नव्हे, फक्त मुठीच्या कडांना.

कोठीच्या दाराला आदल्या दुपारी पोरांनी आतून पांढरा ऑइलपेंट फासला होता. आत्यानं चष्मा वर करून दाराकडे पाहिलं. खांद्याच्या उंचीवर रंग जागोजागी चेपला होता, पुसटला होता.

इन्स्पेक्टर तिचा जुना हाताखालचा माणूस, म्हणून तिनं त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं की उघडं दार कुणी बडवतं का. तो म्हणाला, बाई, मतदान तोंडावर आलंय, वरून सांगितलंय की नसती भानगड नको. आत्या म्हणाली, भानगड तर झालेली आहे, तुला फक्त ती दिसत नाहीये.

ताई कार्यालयाच्या पायरीवर बसली होती. अख्खा मतदारसंघ तिला ताईच म्हणायचा. कापडगिरणीच्या मागावर पोरवयात उभी राहिलेली ही बाई आता देशाच्या संसदेची निवडणूक लढवत होती, आणि मास्तर म्हणजे तिला रात्रशाळेत पहिलं अक्षर गिरवून देणारा माणूस. तिच्या आयुष्याची पुस्तिका तेच लिहीत होते. गिरणीला लागलेली आग, बाहेरून लावलेलं दार, आत राहिलेल्या बायका, त्यातली एक ताईची आई. छपरावरून उडी मारून ताई वाचली. दार कुणी लावलं ते चौकशीत कधीच निघालं नाही. त्या आगीतून ताई उठली आणि कामगारांच्या जिवासाठी भांडत इथवर आली.

आत्यानं तिला मुठींचं सांगितलं.

"आत्या, कोठीच्या कडीपर्यंत बाहेरचा माणूस जात नाही," ती म्हणाली. "माझ्या माणसांतलंच कुणी असेल, तर मला मतदानाआधी कळलं पाहिजे. मास्तरांना मारणाऱ्याच्या खांद्यावर बसून मला संसदेत जायचं नाही."

२

कार्यालय म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. लांबलचक हॉल, एका टोकाला जुन्या मालकाची काचेची केबिन, दुसऱ्या टोकाला कोठी. समोर रस्त्यावर भोंग्याची गाडी दिवसभर "हॅलो, हॅलो" करत उभी, त्यामुळे हॉलमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. आदल्या संध्याकाळी वीज जाण्याआधी कोठीकडे फिरकलेली माणसं तीनच होती, आणि तिघंही घरचीच म्हणावी अशी.

ड्रायव्हरला आत्यानं आधी घेतलं, कारण जनरेटर त्यानं सुरू केला होता. धिप्पाड गडी, पण रडून रडून डोळे सुजलेले. वीज गेली, पोरं अंधारात पत्रकं दुमडत होती, म्हणून आपण दोरी ओढली, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कोठीची कडी लागली होती का, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्या यंत्राच्या धडधडीत दार कुणी बडवलं असतं तरी त्याला कळलं नसतं, आणि हा विचार त्याला जाळत होता. सकाळी मास्तरांना कुठे सोडायचं होतं का, असं आत्यानं सहज विचारलं. तो म्हणाला, बसस्टँडवर, पहाटे. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तर पोटातलं ओठावर येऊ देणारे नव्हतेच.

मग जावईबापू. ताईचा नवरा वकील, आणि वकिलासारखाच आधी आपली बाजू मांडून मोकळा झाला. हो, मास्तरांशी आपलं वाजलं होतं. आगीच्या खटल्यात गिरणीमालकाचं वकीलपत्र ज्या कचेरीनं घेतलं, तिथेच आपण शिकाऊ वकील होतो, आणि मास्तरांना ते पुस्तिकेत छापायचं होतं. आपण नको म्हटलं. विरोधक आधीच ताईला नाटकी म्हणतात, त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? पण आपण कोठीत गेलो ते पत्रकं आणायला, आणि मास्तर तेव्हा तिथे नव्हतेच.

"हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलं?" आत्यानं विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला, आणि कपाळ पुसायला लागला.

शेवटी सेनापती. प्रचाराची सगळी सूत्रं त्याच्या हातात, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. ताई पहिल्यांदा कामगार संघटनेची निवडणूक लढली तेव्हा हा कुठल्याशा बंदरातून आला आणि मागे उभा राहिला, तो आजतागायत. बायको नाही, पोर नाही, ताईचं काम हाच त्याचा संसार. बंदरावरच्या भोंग्यांनी कान अधू केले, दोरखंडानं उजवा तळवा सोलून काढला, असं तो सांगायचा. तळव्याची कातडी ताणलेली आणि चकचकीत होती. दाढी पांढरी, आवाज मऊ. सभेच्या आधी सभागृहाची सगळी दारं उघडी आहेत ना हे ताई बघायची, आणि ती मिटू नयेत म्हणून त्यांना विटा लावायचं काम सेनापतीच करायचा. इतक्या पोरांचा राबता, पण ते काम त्यानं कधी कुणाला दिलं नाही.

आत्या बसली तसा त्यानं उठून दिवा लावला, खुर्ची फिरवून तिच्या समोर आणली. वीज जायच्या आधीच आपण दुसऱ्या गावच्या सभेला निघालो होतो, तो म्हणाला. त्याआधी कोठीत डोकावलो तेव्हा मास्तर गठ्ठे सोडत बसले होते. आत्याचा चष्मा नेमका तेव्हाच खाली पडला. तो शोधता शोधता, टेबलाखालूनच, तिनं विचारलं की मग परत कधी आलात. उत्तर आलं नाही. ती वर आली, पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पहाटे. आत्यानं मनाशी नोंद केली की हा माणूस उत्तर द्यायला वेळ घेतो.

"मास्तर देवमाणूस होता," निघताना सेनापती म्हणाला. "पण भोळा. इतक्या वर्षांनी एखादी बाई म्हणते मी माणूस ओळखीन, आणि याचा लगेच विश्वास. कोण कुणाला ओळखतं, आत्या?"

त्याचे डोळे खरोखर भरले होते. आत्यानं मान हलवली आणि ती उठली. कुठली बाई, हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि त्याबद्दल पुढे तिनं स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

३

घरी जेवणं झाली नव्हतीच. ताई खिडकीशी उभी होती आणि आत्या आपल्या गुडघ्यांना तेल चोळत होती. तीन माणसं, तिघंही कोठीकडे गेलेली, त्यात एकाकडे भांडणाचं कारण, आणि ते माणूस नेमकं आपल्या भाचीचं कुंकू. आत्याला हे कोडं मुळीच आवडत नव्हतं. शेवटी तिनं विचारलंच.

"पोरी, तू माझ्यापासून काय लपवते आहेस? पायरीवर बसलीस तेव्हापासून माझ्याकडे धड बघत नाहीस."

ताईनं खूप आढेवेढे घेतले आणि मग बांध फुटला तशी बोलली. आदल्या दुपारी मास्तरांनी तिला केबिनमध्ये नेलं होतं, दार लावून घेतलं होतं. गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी एक बाई त्यांना सापडली होती, दोन बस बदलून जावं लागतं अशा कुठल्या आडगावी. आगीच्या दिवशी दारावर कोण होतं ते तिला माहीत होतं. समोर आणला तर माणूस ओळखीन म्हणाली होती. मास्तर सकाळी जाऊन तिला आणणार होते, सभेत उभी करणार होते. गावाचं नाव त्यांनी ताईलाही सांगितलं नाही.

हे तिनं दडवलं, कारण तिला वाटलं यात नवऱ्याच्या जुन्या कचेरीचं नाव निघेल. नवऱ्यानंच काही केलं असेल, ही शंका तिला दिवसभर खात होती आणि ती तोंडातून काढायची लाजही वाटत होती. हे सांगताना ती ढसाढसा रडली. आत्यानं तेलकट हातानंच तिला जवळ घेतलं.

"त्याला सांगितलं होतंस? त्या बाईचं?"

नाही, ताई म्हणाली. कुणालाच नाही. मास्तरांनी शपथ घातली होती, आणि ते स्वतः तर दगडाहून मुके.

आत्याचा हात ताईच्या पाठीवर थांबला. सेनापतीचं वाक्य तिला आता ऐकू आलं, जसंच्या तसं. एखादी बाई म्हणते मी माणूस ओळखीन.

"तेव्हा सेनापती कुठे होता?"

हॉलमध्येच की, ताई म्हणाली. समोरच्या भिंतीवर मतदारसंघाचा नकाशा आहे, त्याच्यापाशी. पण आत्या, काचेचं दार बंद होतं, बाहेर भोंगा चालू होता, आणि त्याला तर आधीच कमी ऐकू येतं.

आत्याला आपली वहिनी, ताईची आई, आठवली. मागांच्या खडखडाटात गिरणीतली माणसं आवाज वापरतच नसत; नुसते ओठ हलवून अख्खी पाळीभर गप्पा हाणत. घरीही मायलेकींना तीच खोड. नणंद, म्हणजे आत्या, पाहुणी आली की दोघी तिच्याच ताटासमोर बसून तिनं केलेल्या भाजीची निंदा करायच्या, बिनआवाजी, आणि वर हसायच्या. आत्याला ती बोली कधी जमली नाही. पण ती जमणारा माणूस कसा वागतो, ते तिनं घरात बघितलं होतं. तो आधी दिवा लावतो. खुर्ची समोर ओढतो. आणि टेबलाखालून विचारलेला प्रश्न त्याला पोचत नाही.

"पोरी," ती सावकाश म्हणाली, "बंदरावर कुणी ओठ वाचायला शिकतं का गं?"

४

संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे आत्यानं जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. मास्तरांनीच मला सांगितलं, एवढं म्हणून सेनापती सुटला असता. मेलेला माणूस कुठे साक्षीला येतो?

म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं तिघांना हॉलमध्ये बोलावलं. वकील खुर्चीत, ड्रायव्हर दाराशी, सेनापती नकाशापाशी, केबिनकडे तोंड करून. रस्त्यावर गाडीचा भोंगा गर्जत होता. आत्या ताईला घेऊन केबिनमध्ये गेली, दार लावलं. ताईलाही तिनं काही सांगून ठेवलं नव्हतं, कारण तिला ताईचा चेहरा खरा हवा होता.

"ती कांडीवाली सापडली," आत्या काचेकडे तोंड करून म्हणाली. "बाहेर गाडीत बसली आहे. आता आत आणते."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिनं टेबल धरलं. वकील खुर्चीतून अर्धा उठला, बायकोला काय झालं म्हणून. ड्रायव्हरही ताईकडेच बघत राहिला. दोघांनी ताईकडे पाहिलं. तिसऱ्यानं पाहिलं ते रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे.

गाडी रिकामी होती. सेनापतीला ते दिसलं, आणि मग त्यानं हळूहळू मान वळवली. आत्या त्याच्याचकडे बघत होती. ज्याला आयुष्यभर ओठांवर दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं एकच, त्याला कळतसुद्धा नाही की ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितलीच नव्हती. कालही त्याला कळलं नव्हतं. आत्ता कळलं.

तो पळाला नाही. हॉल ओलांडून काचेपाशी आला आणि उजवा तळवा काचेवर टेकवला. ताणलेली, चकचकीत कातडी. दोरखंडानं सोललेला तळवा आत्यानं पूर्वी पाहिला होता. तो असा नसतो. हा तापलेल्या लोखंडानं भाजलेला होता.

मग त्याचे ओठ हलायला लागले.

५

आत्याला एक शब्द कळला नाही. ताई काचेच्या अलीकडे, तो पलीकडे, दोघांची तोंडं हलत होती आणि आवाज मुळीच नव्हता. ड्रायव्हरनं घाबरून बाहेर जाऊन भोंगा बंद केला, हॉल एकदम शांत झाला, तरीही ती दोघं तशीच बोलत राहिली. वकील केबिनचं दार उघडून काय चाललंय म्हणून विचारत होता. आत्यानं त्याला हातानं गप्प केलं. जन्मात तिनं पुष्कळ कबुलीजबाब घेतले होते, पण कबुली समोर चाललेली असताना आपणच बहिरे ठरावं, अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

सेनापतीनं तळवा काढला आणि तो जमिनीवर बसला. इन्स्पेक्टर येईपर्यंत तसाच बसून होता.

ताईनं मग सांगितलं, तुटक तुटक. तो रात्रपाळीचा विणकर होता, कोवळा पोरगा. कापड चोरीला जातं म्हणून मालकानं त्या दिवशी त्याला दारावर बसवलं होतं. कडी लावायला सांगितली, त्यानं लावली. आग लागली तेव्हा उघडायला गेला तर कडी लालबुंद झालेली. हात भाजला तसा पळाला, गाव सोडलं, नाव बदललं. कितीतरी वर्षांनी ताईचं नाव पेपरात वाचलं आणि परत आला, फेडायला. मास्तरांना मारायचं त्याच्या मनात नव्हतं. मास्तरांची पहाटेची बस चुकावी, विचार करायला एक रात्र मिळावी, एवढंच हवं होतं. कडी लावली तेव्हा दिवे होते. पहाटे येऊन उघडली तेव्हा मास्तर गेलेले होते.

"मी फक्त कडी लावली, म्हणत होता," ताई म्हणाली. "दोन्ही वेळा. मी त्याला विचारलं, गिरणीत बायका दार बडवत होत्या ते तुला ऐकू आलं का. तो म्हणाला, ऐकू नाही आलं. दाराला जाळी होती. तोंडं दिसत होती. काय म्हणत होत्या ते सगळं कळत होतं."

आत्याची वहिनी त्या जाळीमागे होती. वहिनी काय म्हणत होती, हे विचारायचा धीर तिला झाला नाही, आणि ताईनंही आपण होऊन सांगितलं नाही.

संध्याकाळी शेवटची मोठी सभा होती. वकिलानं हात जोडले. इन्स्पेक्टर मतदान होईपर्यंत तोंड बंद ठेवील, तू आज काही बोलू नकोस, तुझ्याच प्रचारप्रमुखानं तुझ्याच कार्यालयात खून केला म्हटल्यावर सगळं पाण्यात जाईल. तुझ्या आईच्या नावानं उभी केलेली लढाई आहे ही. त्याचं काही चुकत नव्हतं, हे आत्यालाही दिसत होतं. ताईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी तुझ्यावर संशय घेतला होता, त्याची माफी नंतर मागेन.

सभागृहाची दारं आज लोटलेली होती. त्यांना विटा लावणारा आज नव्हता. आत्यानं गुडघे सांभाळत बाहेरून एकेक वीट आणली आणि प्रत्येक दाराला आपल्या हातानं लावली. ताई ते मंचाच्या पायरीवरून बघत होती.

मग ती माइकसमोर गेली. मास्तर गेले, इथवर तिला आवाज पुरला. पुढे आवाज फुटेना. ओठ हलत होते, वाक्यामागून वाक्य जात होतं, पण भोंग्यातून काहीच येत नव्हतं. माइक बिघडला म्हणून मागे गलका झाला, पोरं वायरी तपासायला धावली, आणि आत्याला वाटलं, गेलं, ही काही बोलू शकत नाही.

पुढच्या रांगेत गिरणीतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्या आगीतून वाचलेल्या. त्यातली एक उठून उभी राहिली. मग दुसरी, मग अख्खी रांग, आणि त्यांचे डोळे ताईच्या ओठांवरून हलत नव्हते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मागच्यांना सांगायला त्या आता वळल्या.